कॅशेलच्या कॉर्मक चॅपलचं दगडी छत आणि वॉटरप्रूफिंगचा प्रश्न

मधूनच वाचणाऱ्यालाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आयर्लंडमध्ये टिपरेरी काउंटीतल्या कॅशेलच्या टेकडीवर तुम्ही कॉर्मकचं चॅपल पाहिलंत. गाइडने मोजक्याच लोकांना आत घेतलं आणि थोड्या वेळात बाहेर काढलं. आत ओलसर गारवा होता, चित्रं पुसट होती. मध्यंतरी ही अख्खी इमारत तात्पुरत्या छपराखाली झाकून आत हवेतली ओल शोषणारी यंत्रं लावली होती, असंही तुम्हाला सांगण्यात आलं. तुम्ही स्वतः बांधकामातले, त्यामुळे तुम्हाला तीन प्रश्न पडले. जवळजवळ 900 वर्षं टिकलेलं दगडी छत आताच का त्रास देतंय? गळतंय तर वरून चांगलं वॉटरप्रूफिंग करून मोकळं का होत नाहीत? आणि आतली वेदीकडची कमान मधोमध नसून बाजूला सरकलेली आहे, ती चूक की मुद्दाम केलेलं?

माझं काम चुन्यात बांधलेल्या जुन्या दगडी इमारतींच्या डागडुजीचं. त्या नजरेने बघितलं तर पहिले दोन प्रश्न एकाच प्रश्नाची दोन टोकं आहेत. तुम्ही त्याला गळती म्हणताय. गळतीला एक जागा असते; ती सापडली की बुजवता येते. इथला आजार ओलीचा आहे. अख्खा दगड स्पंजासारखा भरलेला, पाणी कुठून शिरलं आणि कुठे निघालं याचा सरळ संबंध लागत नाही. स्लॅबवर चालतो तो उपाय इथे उलटा का पडतो ते समजायला इमारत कशी उभी आहे हे आधी बघावं लागेल.

कॅशेलची टेकडी मुळात मन्स्टरच्या, म्हणजे दक्षिण आयर्लंडच्या, राजांची. 1101 मध्ये मुर्टाख ओब्रायन राजाने ती चर्चला देऊन टाकली. पुढे कॉर्मक मॅक कार्थी या राजाने 1127 च्या सुमारास हे चॅपल बांधायला घेतलं आणि 1134 मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिराचा शिलालेख 1060 चा आहे, म्हणजे दोन्ही वास्तूंमध्ये फार तर तीन पिढ्यांचं अंतर. शेजारी जे भलंमोठं, आता बिनछपराचं कॅथीड्रल दिसतं ते 13 व्या शतकातलं. तेव्हा टेकडीवर तुम्ही आधी कॅथीड्रल बघता आणि त्याच्या कुशीत चॅपल सापडतं, पण बांधणीचा क्रम नेमका उलटा आहे. ही गोष्ट पुढे दोनदा उपयोगी पडणार आहे.

हे चॅपल रोमानेस्क शैलीतलं. रोमानेस्क म्हणजे ढोबळमानाने 1000 ते 1200 मधली युरोपातली बांधणी. हे नाव 19 व्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांनी दिलं. बांधणाऱ्यांना ते ठाऊकही नव्हतं. ओळखायच्या खुणा साध्या: अर्धवर्तुळाकार कमानी, जाड भिंती, छोट्या खिडक्या, कमानीवर करवतीच्या दात्यांसारखी शेव्हरॉन नक्षी. आयर्लंडमध्ये तोवर चर्च म्हणजे बहुतेक साधी चौकोनी खोली असायची. कॉर्मकचं चॅपल आकाराने लहानच, पण त्यात बाहेरच्या जगाचं वारं स्पष्ट दिसतं. नेव्ह म्हणजे उपासकांचं दालन आणि चॅन्सेल म्हणजे वेदीचा भाग, आपल्या गाभाऱ्यासारखा. हे दोन जिथे मिळतात तिथे दोन्ही अंगांना एकेक चौकोनी मनोरा आहे. ही जर्मन मुलखातली पद्धत. रेगेन्सबुर्गला आयरिश भिक्षूंचा मठ होता आणि तिथल्या आयरिश मठाधिपतीने कॅशेलच्या कामासाठी सुतार पाठवले असं सांगितलं जातं. बाहेरच्या भिंतीवर जे आंधळ्या कमानींचे थर आहेत, म्हणजे आरपार न जाणाऱ्या, नुसत्या उठावाच्या कमानी, त्यांचं नातं इंग्लंडच्या पश्चिम भागातल्या कामाशी जुळतं. छत मात्र अस्सल आयरिश. आणि आपला प्रश्न छताचाच आहे.

लाकडी तुळया आणि वर पत्रा किंवा कौलं, असं हे छत नाही. तीव्र उताराच्या दोन्ही पाखी घडीव दगडांच्या आहेत. थरावर थर आणि प्रत्येक दगडाची बाहेरची बाजू उताराच्या कोनात घडवलेली. अशा पाखीचा स्वभाव म्हणजे ती मधोमध आतल्या बाजूला खचू बघते. वरच्या टोकाला दोन्ही पाखी एकमेकींना टेकलेल्या असतात, खाली भिंतीचा आधार असतो, पण उताराच्या मध्यावर आतून कुणीच नसतं. आयरिश गवंड्यांनी त्यावर दुमजली तोड काढली. खाली नेव्हवर पिंप लांबीत अर्धं चिरून पालथं ठेवावं तशी अर्धगोल कमान, आणि तिच्यावर पाखींच्या पोटात टोकदार कमानीची एक खोली. ती कमान पाखींना आतून टेकू देते आणि खोलीच्या पोकळीमुळे तेवढ्या दगडाचं ओझं वाचतं. आयर्लंडमधल्याच ग्लेंडलॉक आणि केल्सच्या जुन्या दगडी छपरांतही हाच विचार आहे. कॅशेलला तो पूर्ण पिकलेला दिसतो. दक्षिणेच्या मनोऱ्यातला गोल जिना याच वरच्या खोलीकडे जातो.

तुम्ही इंजिनिअर आहात म्हणून एक आकडा देतो. अर्धवर्तुळाकार कमान निव्वळ स्वतःच्या वजनावर उभी राहायला तिची जाडी त्रिज्येच्या किमान 11 टक्क्यांच्या आसपास लागते. 5 मीटरच्या गाळ्याला त्रिज्या अडीच मीटर, म्हणजे 27 सेंटिमीटर. त्याहून पातळ केली तर दाबाची रेषा, म्हणजे वजन ज्या वाटेने खाली उतरतं ती, कमानीच्या बाहेर पडते आणि बिजागऱ्या तयार होतात, म्हणजे कमान त्या जागी दुमडू लागते. जाडी पुरेशी असली तरी कमान भिंतींना बाहेर ढकलतच राहते, म्हणून भिंती जाड. नेव्हच्या पिंपाकार छताला ठरावीक अंतरावर चौकोनी छेदाच्या आडव्या पट्ट्या आहेत, त्या भिंतीतल्या अर्धस्तंभांवर उतरतात. बांधताना लाकडी साचा एका गाळ्यावरून पुढच्या गाळ्यावर सरकवायला अशा पट्ट्या फार सोयीच्या. अंबरनाथच्या मंडपात छताचे थर पुढे पुढे काढत वर्तुळ मिटवलंय, तिथे आडवा रेटा जवळजवळ नाही. इथे रेटा आहे, आणि त्या रेट्यासकट इमारत आजवर उभी आहे. भिंती बाहेर सरकल्या असत्या तर कमानीच्या माथ्याला खालून लांबच लांब भेग दिसली असती आणि दोन्ही बगलांना वरच्या अंगाने. अशा कुठल्याही वास्तूत मी आधी या तीन रेषा तपासतो. भेग जुनी की हलती हे भेगेत बसलेल्या धुळीवरून आणि चुन्यावरून कळतं: कडा काळवंडलेल्या, गोलसर झालेल्या असतील तर ती बहुधा शांत आहे, कडा पांढऱ्या, ताज्या असतील तर काचेची पट्टी चिकटवून ती तडकते का ते किमान एक वर्ष बघायचं. वर्षभरापेक्षा कमी बघितलं तर उन्हाळा-हिवाळ्याची नुसती हालचाल रोग म्हणून नोंदली जाते.

म्हणजे छताचा सांगाडा ठीक आहे. आता पाण्याकडे येऊ.

टेकडी आणि तिच्यावरच्या बाकीच्या इमारती चुनखडकाच्या आहेत. चॅपल तेवढं वालुकाश्माचं, म्हणजे रेतीच्या दगडाचं. कारण उघड आहे: या दगडावर टाकी सहज चालते, कोरीवकाम बारीक उतरतं. पण जो दगड छिन्नीला आत येऊ देतो तो पाण्यालाही येऊ देतो. पाणी दगडातून, दरजांतून म्हणजे दोन दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यांतून, आणि सर्वांत जास्त दगड-दरजेच्या सीमेवर सुटलेल्या केसासारख्या फटींतून शिरतं. टेकडी उघडी, वाऱ्याचा मारा आडवा. मनोरे आणि पाखी जिथे भिडतात त्या खाचांत पाणी रेंगाळतं. उत्तरेची बाजू कॅथीड्रलला खेटलेली, तिथे ना ऊन ना वारा.

पण एवढा पाऊस तर आपल्याकडेही पडतो, असं तुम्ही म्हणाल. कॅशेलला कोकणाच्या निम्माही पाऊस पडत नाही. फरक पडण्याच्या पद्धतीत आहे. आपल्याकडे चार महिने कोसळतो आणि मग आठ महिने भिंत वाळते. तिथे वर्षभर भुरभुरतो आणि दोन पावसांच्या मध्ये दगडाला सुकायला उसंत मिळत नाही. जाड भिंतीच्या सुकण्याचा जुना अंदाज आहे महिन्याला साधारण 25 मिलिमीटर, तेही हवा बरी असेल तर. एक मीटरची भिंत दोन्ही बाजूंनी सुकू लागली तरी मध्यापर्यंत पोचायला 20 महिने. म्हणजे एकही थेंब आत न येऊ देता जवळजवळ पावणेदोन वर्षं. इथेच त्या तात्पुरत्या छपराचं उत्तर आहे: पाऊस पूर्ण तोडल्याशिवाय भिंतीला सलग सुकायची संधीच मिळाली नसती. दरजा कितीही चांगल्या भरल्या असत्या तरी ओल्या भिंतीवर भरलेल्या दरजेमागे शतकांचं पाणी कोंडून राहिलं असतं.

आता वॉटरप्रूफिंग. दगडासाठी बाजारात सिलेन-सिलॉक्सेनसारखी पाणी झटकणारी रसायनं मिळतात, आणि ती काही मिलिमीटर खोल जातात हे खरं. नव्या, कोरड्या, बिनभेगांच्या दर्शनी भिंतीवर ती काही वर्षं कामही करतात. इथे काय होईल ते क्रमाने सांगतो. रसायनाने दगडाचा पृष्ठभाग पाणी घेईनासा होतो, पण फटी तशाच राहतात, कारण रसायन पोकळी भरत नाही. पाणी फटीतून आत जातं. आधी ते दगडाच्या तोंडापर्यंत पाण्याच्याच रूपात येऊन बाहेर उडून जायचं. आता त्या झटकणाऱ्या थराच्या मागे अडतं आणि तिथेच वाफ होतं. पाण्यात विरघळलेला क्षार वाफ होत नाही, तो तिथेच स्फटिक बनून साठतो. स्फटिक जागा मागतो. एक दिवस पाच-सात मिलिमीटरची आख्खी खपली कोरीवकामासकट निघून हातात येते, आणि मागचा दगड पिठासारखा झालेला असतो. आपल्याकडे घराच्या भिंतीला लोणा लागतो, रंगाचे पापुद्रे सुटतात, तीच गोष्ट. फक्त इथे पापुद्रा 12 व्या शतकातल्या माणसाने घडवलेला आहे. एकदा मारलेलं रसायन परत काढताही येत नाही. म्हणून अशा छतावर ते मारायला माझा साफ विरोध आहे, आणि हे परिस्थितीवर अवलंबून असं मी इथे म्हणणार नाही.

सिमेंटचंही तेच. 19 व्या आणि 20 व्या शतकात युरोपभर जुन्या दगडी इमारतींच्या दरजा पोर्टलंड सिमेंटने भरल्या गेल्या. हेतू चांगला होता. पण सिमेंट दगडापेक्षा कडक आणि बंदिस्त. भिंत श्वास दरजेतून घ्यायची, ती आता दगडातून घेते, आणि मग झिजतो तो दगड. थोड्या वर्षांनी दरज पुढे आलेली आणि दगड वाटीसारखा खोल गेलेला दिसतो. कुठल्याही जुन्या भिंतीवर हे चित्र दिसलं की तिथे सिमेंट आहे हे हात न लावता ओळखावं. नियम सोपा आहे: दरज नेहमी दगडापेक्षा मऊ असावी, म्हणजे झिजेल ती दरज, आणि ती पुन्हा भरता येते.

काम कसं करतात ते तुम्हाला उपयोगी पडेल. जुनी दरज हाताने, छिन्नी-हातोडीने काढायची. ग्राइंडर घेतला की दगडाच्या कडा जातात. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, आणि कमीत कमी 25 मिलिमीटर. धूळ धुवून काढायची आणि दरज भिजवायची, पण पाणी साचू द्यायचं नाही. कोरड्या दगडाने मिश्रणातलं पाणी ओढून घेतलं की चुना आवळण्याआधीच भुगा होतो. नव्या कामातली सर्वांत जास्त बिघाडं याच एका घाईतून होतात. मिश्रण साधारण 1 भाग नैसर्गिक हायड्रॉलिक, म्हणजे पाण्याने आवळणाऱ्या, चुन्याला अडीच भाग धारदार, मिश्र दाण्याची रेती. चुन्याचा दर्जा मात्र जागेप्रमाणे बदलतो: मऊ कोरीव भागाशेजारी सौम्य, उघड्या पाखीवर थोडा कडक. इथे पुस्तकातला एकच आकडा चालत नाही; जुन्या दरजेचा नमुना तपासून, दगडाचं पाणी शोषणं मोजून ठरवावं लागतं. भरताना एका थरात 20 मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. अंगठा दाबून ठसा उमटेनासा झाला की कडक ब्रशने ठोकून पृष्ठभाग मोकळा करायचा, थापीने घोटून गुळगुळीत करायचा नाही. मग ओलं गोणपाट, किमान आठवडाभर. तापमान 5 अंशांच्या खाली जाणार असेल तर काम सुरूच करू नये. आयर्लंडमध्ये म्हणून वर्षातले कामाचे महिने मोजकेच उरतात.

आधीचं सिमेंट काढायचंच का, हाही प्रश्न येतो. दगडाला घट्ट चिकटलेलं असेल आणि काढताना कडा फुटत असतील, तर मी ते राहू देईन आणि आजूबाजूच्या दरजा चुन्याच्या करेन, म्हणजे पाण्याला दुसरी वाट मिळेल. ढिलं असेल तर काढावं. तत्त्वासाठी दगड फोडण्यात काही अर्थ नाही.

इथवरचं थोडक्यात: सांगाडा भक्कम, दगड सच्छिद्र, सुकायला वेळ नाही, आणि वरून कोंडलं तर क्षार आतून फोडणार. म्हणून वाट एकच: पाऊस रोखून सावकाश सुकवायचं, दरजा चुन्याच्या ठेवायच्या, आणि नंतर आतली हवा सांभाळायची.

सावकाश हा शब्द मुद्दाम वापरला. ओल शोषणारी यंत्रं जोरात चालवली तर दगडाच्या खोलातलं पाणी क्षार घेऊन झपाट्याने पृष्ठभागाकडे धावतं आणि तिथे फुलतं. पृष्ठभागावर इथे काय आहे? चॅन्सेलच्या छतावर आणि भिंतीवर 12 व्या शतकातली भित्तिचित्रं. आयर्लंडमध्ये टिकलेल्या रोमानेस्क भित्तिचित्रांत ही सर्वांत जुन्यांपैकी. मधल्या काळात ती चुन्याच्या पांढऱ्या थरांखाली गेली होती आणि त्या थरांनीच ती राखली. नंतर जपून उघडी केली गेली. ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याचं दृश्य तुम्ही नीट बघितलं असेल तर रंग एकसलग नसून बेटाबेटांनी उरलाय हे दिसलं असेल. अशा बेटांच्या कडा हवेतल्या बदलाला सर्वांत आधी बळी पडतात. साध्या मिठाचंच घ्या: हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की ते विरघळतं, खाली आली की पुन्हा स्फटिक होतं. भिंतीत दोन-तीन प्रकारचे क्षार मिसळलेले असले की हा उंबरठा एका आकड्यावर राहत नाही, पट्टा होतो. नुकसान ओलीने होतं त्याहून जास्त या उंबरठ्यावरच्या ये-जा करण्याने होतं. त्यामुळे लक्ष्य खडखडीत कोरडं नसतं. आर्द्रता उंबरठ्याच्या एकाच बाजूला स्थिर ठेवणं हे असतं. हीटर लावून उबदार करणं म्हणूनच चूक. दिवसा लावला, रात्री बंद केला की रोज एकदा उंबरठा ओलांडला जातो.

आता तुम्हाला लवकर बाहेर का काढलं ते. गाइडचा आडमुठेपणा नव्हता तो. शांत उभा माणूस तासाला श्वास आणि घामातून साधारण 50 ग्रॅम वाफ सोडतो. हिशेबापुरतं आतली हवा 150 घनमीटर आणि तापमान 10 अंश धरा. 10 अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 9.4 ग्रॅम वाफ मावते. आर्द्रता 80 टक्के असेल तर आत आधीच साडेसात ग्रॅम आहे. 30 माणसं 20 मिनिटं थांबली तर अर्धा लिटर पाणी हवेत गेलं, म्हणजे घनमीटरला 3.3 ग्रॅमची भर. बेरीज 10.8. जास्तीचं पाणी जाणार कुठे? सर्वांत गार पृष्ठभागावर, म्हणजे छतावर आणि चित्रांवर. तेच 15 माणसं 15 मिनिटं थांबली तर भर सव्वा ग्रॅमची, बेरीज पावणेनऊ, आणि दगड वाचतो. दार उघडं राहून हवा खेळते तेव्हा आकडे नरमतात, पण मर्यादा का घालतात हे यातून कळेल.

दार उघडं ठेवण्याचाही एक फसवा भाग आहे. वसंतात बाहेर छान 20 अंश, आर्द्रता 60 टक्के. वाटतं की दारं सताड उघडावीत, आत ऊब येईल. त्या हवेत घनमीटरला 10 ग्रॅमहून जास्त वाफ असते आणि तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी होऊ लागतं तो, 12 अंशांच्या आसपास. आतला दगड अजून हिवाळ्याच्या 10 अंशांवर. हवा आत आली की भिंतीला घाम सुटतो. कोकणात पावसाच्या तोंडावर घरातल्या फरशीला पाणी सुटतं ते हेच. म्हणून जाड दगडी इमारतीत दार कधी उघडायचं हे बाहेरच्या उन्हावर ठरवू नये. आतल्या दगडाचं तापमान आणि बाहेरच्या हवेचा दवबिंदू यांच्या तुलनेवर ठरवावं. दोन साधी नोंदयंत्रं, एक आत आणि एक बाहेर, आणि दगडाला टेकवलेला एक सेन्सर एवढ्यावर हे होतं. दिव्यांचंही ध्यान ठेवावं लागतं: ओल्या दगडावर सतत प्रकाश पडला की दिव्याच्या समोर हिरवं शेवाळ धरतं. म्हणून आत उजेड कमी असतो, तो कंजूषपणा नव्हे.

तिसरा प्रश्न, सरकलेल्या कमानीचा. चॅन्सेलची कमान नेव्हच्या पूर्व भिंतीच्या मधोमध नाही हे तुमचं निरीक्षण बरोबर. अनेक ठिकाणी गाइड सांगतात की क्रूसावरच्या ख्रिस्ताची मान कललेली होती, त्याचं हे प्रतीक. ऐकायला हृद्य आहे, पण असा कल युरोपातल्या कितीतरी लहान चर्चमध्ये दोन्ही दिशांना सापडतो, त्यामुळे मी त्यावर भिस्त ठेवत नाही. आखणीच्या बाजूने विचार केला तर कारणं दोन-तीनच असतात. एक, काम टप्प्यांत झालं आणि दुसऱ्या टप्प्याची दोरी आधीच्या भिंतीला बांधून आखली. दोन, जागेवर आधीचं काहीतरी होतं, कबर, पाया किंवा जुनी भिंत, आणि ते टाळलं. तीन, आतल्या वापरासाठी एका बाजूला जास्त भिंत हवी होती, लहान वेदी मांडायला. यातलं कुठलं, हे बघायची रीत अशी: नेव्हच्या भिंतीतले दगडांचे थर चॅन्सेलच्या भिंतीत सलग जातात का ते पाहा. सलग जात असतील आणि कोपऱ्यात दगड एकमेकांत गुंफलेले असतील तर दोन्ही एकाच वेळी उभे राहिले आणि सरकणं आखणीतच होतं. वरपासून खालपर्यंत उभी सरळ दरज दिसली तर टप्पे वेगळे. नक्षीची भाषाही बघावी. इथे कमानीच्या एका पट्ट्यावर माणसांची मुंडकी ओळीने कोरलेली आहेत, आणि चॅन्सेलचं छत नेव्हसारखं साधं पिंप नसून एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्यांचं आहे. तो प्रकार आयर्लंडमध्ये तेव्हा अगदी नवा. एवढी महागडी, जाणकार कारागिरी करणाऱ्यांनी दोरी चुकवली असं मानायला मी तयार नाही. मुद्दाम केलेलं, हे माझं मत. प्रतीक म्हणून नव्हे, जागेची किंवा वापराची गरज म्हणून.

पुन्हा गेलात तर उत्तरेच्या दारापाशी थांबा. घाईत ते सुटतं, कारण ते चॅपल आणि कॅथीड्रल यांच्या मधल्या अरुंद कोनाड्यात आहे. दारावरच्या अर्धगोलात एक नरतुरंग, म्हणजे अर्धा माणूस अर्धा घोडा, आहे, डोक्याला नाकावर पट्टी उतरलेलं शिरस्त्राण, मागे वळून धनुष्य ताणलेलं, आणि समोर अवाढव्य सिंह, ज्याच्या पायांखाली दोन लहान जनावरं. सगळ्यांत श्रीमंत नक्षी या दाराला आणि पाहायला मागे सरकायची जागा नाही. असं कुणी बांधत नाही. म्हणजे हे दार मुळात मोकळ्या अंगणावर उघडत होतं, हाच मुख्य प्रवेश होता, आणि 13 व्या शतकात कॅथीड्रल येऊन ते अंगण गिळलं. क्रम उलटा आहे असं सुरुवातीला म्हटलं त्याचा पुरावा इथे हाताच्या अंतरावर आहे.

तिथेच साध्या भिंतीच्या दगडावर कडेने उजेड पडत असेल तर टाकीचे घाव बघा. तिरपे, जवळजवळ समांतर, थोडे असमान ओरखडे हे 12 व्या शतकातल्या घडाईचं लक्षण. बारीक दात्यांच्या छिन्नीच्या कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर तो दगड बहुधा नंतर बसवलेला. अगदी सपाट, कडा काटकोनात आणि कसलीच खूण नाही, तो अलीकडचा. बोट लावू नका, त्वचेचं तेल आणि घाम दगडात राहतो. टॉर्च फक्त बाहेरच्या भिंतीवर, आतल्या चित्रांवर नाही. आणि शक्य असेल तर पाऊस थांबून दोनेक तास झाल्यावर जा: कुठला दगड आधी फिकट होतो आणि कुठला अजून गडद आहे, हे दक्षिणेच्या भिंतीवर उघड्या डोळ्यांनी दिसतं. गडद राहिलेल्या दगडांच्या शेजारची दरज कशाची आहे ते बघा, आणि त्याचा फोटो इथे टाका.